चित्रात नसलेली बाई

१

अर्क आटवायचं यंत्र त्या सकाळी पुन्हा बंद पडलं, तेव्हा धाकटीने त्याला एक सणसणीत चापट मारली. यंत्र काही सुरू झालं नाही, पण तिला जरा बरं वाटलं.

घरात ती धाकटी होतीच, आणि संशोधन संस्थेतही तिच्या मागून कुणाची भरती झाली नव्हती, त्यामुळे इथेही धाकटीच. कुणालाच नको असलेलं काम घरंगळत घरंगळत शेवटी तिच्या टेबलावर येऊन थांबायचं. शिकली होती ती वनस्पतिशास्त्र. दलदलीत वाढणारी एक बारीक पानांची वनस्पती, चावली तर जीभ बधिर करणारी. तिच्या मागे धाकटीने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. पानं सुकव, कूट, भिजव, गाळ, आटव. त्या अर्काने उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. मग माणसांवरची चाचणी मंजूर झाली आणि विस्मरणाच्या आजाराचे म्हातारे आपापल्या माणसांचा हात धरून संस्थेत येऊ लागले. निम्म्यांना अर्क मिळायचा, निम्म्यांना तसंच कडू, तसंच हिरवट, पण औषध नसलेलं पाणी. कुणाला काय मिळतंय हे धाकटीलाही ठाऊक नव्हतं. बाटल्यांवर नुसते आकडे असत.

इथवर ठीक होतं. पण म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासणारी मानसशास्त्राची बाई मध्येच दुसरीकडे बरी जागा मिळाली म्हणून निघून गेली, आणि ते लोढणंही धाकटीच्या गळ्यात आलं.

"सर, मी झाडांची माणूस आहे," ती विभागप्रमुखांना म्हणाली होती.

"अगं, चित्र दाखवायचं, काढून घ्यायचं, मग काय काय होतं ते विचारायचं. त्यात काय आहे एवढं?" सर म्हणाले आणि वाजत नसलेला फोन उचलून बोलू लागले.

चित्र होतं एका स्वयंपाकघराचं, साध्या काळ्या रेघांनी काढलेलं. टेबल, किटली, खिडकीत मांजर, भिंतीला टेकवलेली शिडी, अर्धवट उघडं दार. माणूस एकही नाही. माणूस दिसला की म्हातारे त्याच्याच गोष्टी सांगत बसतात, म्हणून चित्र काढणाऱ्याने मुद्दामच ठेवला नव्हता. ते कार्ड टेबलावरच्या तिरक्या स्टँडवर रुग्णाकडे तोंड करून उभं करायचं. तपासणाऱ्याने पलीकडे बसायचं. त्याला कार्डाची कोरी पाठ तेवढी दिसते, म्हणजे त्याच्या नजरेवरून रुग्णाला काही अंदाज बांधता येत नाही. मग कार्ड उचलून ठेवायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि नंतर विचारायचं. बरोबर सांगितलं की गुण. चित्रात नसलेलं काही सांगितलं, तर त्यासाठी वेगळा रकाना होता. त्याला 'चुकीची भर' म्हणत. म्हातारे काय वाट्टेल ती भर घालायचे. कुणाला टेबलावर आपला चष्मा दिसायचा, कुणाला केव्हाच मेलेला कुत्रा.

त्या दिवशी घड्याळदुरुस्तीवाले आजोबा आले होते. त्यांची बायको नेहमीप्रमाणे त्यांच्या बाहीला धरून आत घेऊन आली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. आजोबांची प्रगती चांगली होती. टेबल, किटली, मांजर, शिडी सगळं त्यांनी धडाधड सांगितलं.

"आणि ती बाई," ते म्हणाले.

"कुठली बाई, आजोबा?"

"उभी होती ती."

धाकटीने 'चुकीची भर'च्या रकान्यात एक रेघ ओढली आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तोही लागला नाही.

२

घरी बाबा होते.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आता दुकान नव्हतं आणि बाबांना ते नाही हेही माहीत नव्हतं. कुणीही समोर आलं की ते त्याला गिऱ्हाईक समजून बसवून घ्यायचे. संध्याकाळी धाकटी दमूनभागून आली की बाबा तिचा चष्मा हळूच काढून घेत, सदऱ्याच्या टोकाने पुसत, कानांमागे नीट बसवत आणि विचारत, "आता दिसतंय ना, बाई?" ती 'हो' म्हणे. दोन वर्षांत त्यांनी तिला बाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

थोरला भाऊ परगावी होता आणि दर रविवारी फोनवरून काळजी करायचा. "तुमच्या त्या संशोधनाचा बाबांना काही उपयोग नाही का गं?" असं त्याने एकदा सहज विचारलं. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं नाव तिने चाचणीसाठी दिलं होतं, पण कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चालत नाहीत म्हणून ते परत आलं होतं. जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ती चमच्याने अर्क पाजू शकत होती, स्वतःच्या बापाला सोडून.

म्हणून तिने चोरी केली. अर्क टिकतो की नासतो हे तपासायला काही बाटल्या राखून ठेवलेल्या असत, आणि तपासून झाल्यावर उरलेलं ओतून द्यायचं असे. ती ते ओतून द्यायची नाही. पिशवीत घालून घरी आणायची. रोज संध्याकाळी एक चमचा. बाबा तोंड वेडंवाकडं करत आणि तरीही शहाण्या मुलासारखे गिळत.

तिला काही चमत्कार नको होता. त्यांनी तिला एकदा ओळखावं, एवढंच. मग पुन्हा विसरले तरी चालेल, असं ती स्वतःला सांगायची. ते खरं नव्हतं, पण सांगायची.

३

पुढच्या खेपेला चाचणीतल्याच एका निवृत्त नर्सबाईंनी ती बाई सांगितली. मग बसचालक आजोबांनी. मग सदा हसणाऱ्या, कधीच काही न आठवणाऱ्या एका आजींनी किटली नाही, मांजर नाही, फक्त बाईच सांगितली. हे लोक एकमेकांना ओळखत नव्हते; त्यांचे येण्याचे दिवसही वेगळे होते.

धाकटीने कार्ड खिडकीपाशी नेलं, उलटंपालटं केलं, भिंगाखाली धरलं. रेघा, रेघा आणि रेघा. दाराच्या फटीतही काही नव्हतं. ती सरांकडे गेली.

सरांनी ऐकून घेतलं, आणि त्यांना हसू आलं. "अगं, ती बाई म्हणजे तूच आहेस."

"मी?"

"कार्डाच्या पलीकडे कोण बसतं? तू. चित्र बघताना त्यांना चित्राच्या वर तुझं डोकं दिसतं. आठवताना चित्र आणि डोकं एकत्र होतं. इतकी साधी गोष्ट. जा आता, मला अहवाल पाठवायचाय."

धाकटीला हायसं वाटलं, आणि हे आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून स्वतःचा रागही आला. झाडांची माणूस ती झाडांचीच. त्या दिवशी ती संस्थेच्या कॅन्टीनमध्ये उगाचच जास्त केक खाऊन घरी गेली.

बसचालक आजोबा पुन्हा आले तेव्हा तिने गप्पा मारता मारता विचारलं, "आजोबा, ती चित्रातली बाई माझ्यासारखीच होती का हो? चष्मा वगैरे?"

आजोबांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. आयुष्यभर गर्दीतून गाडी हाकलेला माणूस. नजर पक्की होती.

"तुम्ही? तुम्ही बसला होतात ना खुर्चीत," ते म्हणाले. "ती तुमच्या मागे उभी होती."

धाकटीच्या खुर्चीमागे भिंत होती. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये फाईल उभी सरकवता येईल एवढीच जागा. रोज बसता-उठताना खुर्ची भिंतीला घासायची आणि तिथला रंग गेला होता. तिने मान वळवून तो खरवडलेला रंग पाहिला. आजोबाही तिकडे पाहत होते, पण त्यांची नजर जरा वर होती, उभ्या माणसाचं तोंड असतं तिथे.

"आत्ता आहे?" तिने विचारलं. आपला आवाज असा का येतोय ते तिला कळेना.

"आत्ताचं कुठं विचारताय? मला तेव्हाचं आठवतंय," आजोबा म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, आठवेल ते सांगा."

४

शास्त्र शिकलेल्या माणसाने घाबरायचं नसतं. एकेक गोष्ट बदलून बघायची असते. धाकटीने आधी खोली बदलली. मग कार्ड बदललं, दुसऱ्या चित्राचं घेतलं. त्यात स्वयंपाकघराऐवजी बाग होती. मग स्वतःलाच बदललं. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, दणकट, झुपकेदार मिशांचा गडी, त्याच्या हातापाया पडून तिने त्याला कार्डापलीकडे बसवलं आणि स्वतः बाहेर काचेपाशी उभी राहिली.

नर्सबाईंनी बाग सगळी बरोबर सांगितली. कारंजं, बाक, झोपाळा. "आणि यांच्या मागे ती होती," त्या तंत्रज्ञाकडे बोट करून म्हणाल्या. "आज जरा पुढे आली होती. यांच्या खांद्यावरून वाकून माझ्याकडेच बघत होती. गोड आहे हो."

तंत्रज्ञाने बाहेर येऊन खांदा झटकला. "मॅडम, पुन्हा मला सांगू नका," एवढंच बोलून तो उंदरांना खाऊ घालायला निघून गेला. कारण विचारलं तर म्हणाला, मिशीला गुदगुल्या होत होत्या, कुणी तिथे श्वास सोडावा तशा. मग स्वतःच म्हणाला, पंखा असेल. त्या खोलीत पंखा नव्हता.

आणखीही एक गोष्ट होती, आणि ती धाकटीला जास्त छळत होती. सगळ्यांना बाई दिसत नव्हती. साधारण निम्म्यांना दिसत होती. आणि ज्यांना दिसत होती तेच भराभर सुधारत होते. कुणाला अर्क मिळतोय हे कुणालाच कळायला नको, म्हणून एवढा खटाटोप केलेला. आणि इथे ते कळायला बाटलीवरच्या आकड्यांची गरजच उरली नव्हती. बाई दिसली की समजावं, अर्क.

ती पुन्हा सरांकडे गेली. या वेळी दार लावून घेतलं.

"सर, चाचणी थांबवू या. थोडे दिवस."

"थांबवू या?" सरांनी चष्मा काढला. "गुण बघितलेस का त्यांचे? ज्या माणसाला बूट कुठल्या पायात घालायचा कळत नव्हतं तो कोडी सोडवतोय. जगात कुणाला हे जमलेलं नाही. आणि तू म्हणतेस थांबवू या. कशासाठी? एका चुकीच्या भरीसाठी?"

"पण सुधारणारे सगळे तीच भर घालतायत."

"मग ती चाचणीतली खोट आहे, औषधातली नाही." सरांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आपण तो रकानाच काढून टाकू. चुकीची भर मोजायचीच नाही. बरोबर तेवढंच मोजायचं."

आणि खरंच, आठवड्याच्या आत नवे कागद छापून आले. आता म्हातारे बाईबद्दल बोलत आणि ते लिहायला जागाच नसे. धाकटी पेन हातात धरून ऐकत बसे. तिला वाटे, उठावं, चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीकडे जावं, सगळं सांगून मोकळं व्हावं. पण समितीने चाचणी थांबवली असती तर बाटल्याही गेल्या असत्या. त्यामुळे ती मूग गिळून गप्प बसली. सरांवर दातओठ खाणं सोपं होतं. आपण त्यांच्याहून वेगळं काय करतोय, हे विचारणं अवघड होतं.

५

कारण बाबा सुधारत होते.

आधी त्यांना नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते आठवलं. मग गल्लीचं वळण, मग दुकान विकल्याची गोष्ट. त्या दिवशी ते खिडकीपाशी गप्प बसून राहिले. एका रविवारी त्यांनी स्वतः फोन उचलला आणि थोरल्याला त्याच्या लहानपणच्या चिडवायच्या नावाने हाक मारली. पलीकडे थोरला ढसाढसा रडला. "तुझे उपकार कसे फेडू गं," तो धाकटीला म्हणाला.

तिने घाईघाईने फोन ठेवला आणि बाबांसमोर जाऊन बसली.

"बाबा, मी कोण?"

बाबांनी तिला न्याहाळलं. भाबडेपणा गेला होता त्या नजरेतला. ही जुनी, धारदार, दुकानदाराची नजर होती. "तुम्ही मला औषध देता," ते म्हणाले. "फार चांगल्या आहात."

"आणि तुमची मुलगी?"

बाबांचा चेहरा असा फुलला की धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "धाकटी ना? आहे की."

आठवण परत येतेय, तिने स्वतःची समजूत घातली. मुलगी आठवली, आता तिचा चेहरा आठवेल. सगळं एकदम कसं यायचं? चष्मा पुसणं मात्र त्यांनी सोडलं होतं. आता त्यांना माहीत होतं की ती गिऱ्हाईक नाही.

दिवसा बाबांना सांभाळायला एक मावशी यायच्या. त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दुपारी मस्त गप्पा मारत बसतात हो बाबा. मी म्हटलं फोनवर असतील. पण फोन तर इकडेच असतो."

दुसऱ्या दिवशी धाकटी दुपारीच घरी आली आणि बूट हातात घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिली. बाबांच्या खोलीचं दार ओढलेलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, मोकळा, खुशीत आलेला. ते तिचं लहानपण सांगत होते. ताप उतरत नव्हता तेव्हा ते तिला खांद्यावर टाकून दुकानात घेऊन बसले होते ती गोष्ट. तिने गिऱ्हाइकाच्या काचा गोंदाने चिकटवल्या होत्या ती गोष्ट. सगळं खरं, सगळं तिचं. धाकटीने तोंडावर हात दाबून धरला. इतक्या वर्षांत ती इतकी सुखावली नव्हती.

मग बाबा बोलायचे थांबले. जरा वेळ खोलीत काहीच आवाज नव्हता. आणि मग ते खदखदून हसले, समोरच्याने मजेदार उत्तर दिल्यावर माणूस हसतो तसे.

"हो गं, तूच चिकटवल्या होत्यास. विसरलो नाही मी," बाबा म्हणाले.

तिने दार ढकललं. बाबा पलंगावर होते. भिंतीपाशी असायची ती खुर्ची त्यांच्या गुडघ्यांना टेकेल इतक्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेली होती. मावशींनी ठेवली असेल. बाबांनीच ओढली असेल. आता जोर आलाय अंगात. धाकटीने खुर्ची पुन्हा भिंतीशी नेली. बैठक कोमट होती. खिडकीतून ऊन येतं म्हणून, असं ती स्वतःला म्हणाली, आणि त्या दिवशीचा चमचाही तिने भरला.

६

घड्याळवाले आजोबा त्या सकाळी एकटेच आत आले. केस नीट विंचरलेले, चाल ताठ. टेबलावरचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी न विचारता उघडलं आणि नखाने काहीतरी सरकवून चालू करून दिलं.

"आज आजी नाही आल्या?" धाकटीने विचारलं.

"आली की. हिच्याशिवाय मी कुठं जातो?" आजोबांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मान केली आणि तिकडे बघून डोळे मिचकावले.

धाकटी उठली आणि बाहेर गेली. आजी बाकावर बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"मला बरोबर येऊ देत नाहीत," आजी म्हणाल्या. "मी मागून आले. मला म्हणतात, बाई, तुम्ही आमच्या मागे मागे का येता?"

"होईल हळूहळू, आजी. आठवण एकदम..."

"नका सांगू तसं." आजींचा आवाज चढला नाही. "सगळं आठवतंय त्यांना. लग्नात माझी चप्पल तुटली होती तेही आठवतंय. काल रात्री तिला सांगत होते, तुझी चप्पल तुटली होती. मी त्याच खोलीत होते." त्या थोडा वेळ पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "आधी सगळंच गेलं होतं, त्यात मीही गेले होते. तेव्हा इतकं लागलं नाही हो. आता सगळं परत आलंय, आणि मीच तेवढी नाही."

धाकटी सरांच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेली. सर नव्हते. ते चाचणीचे आतापर्यंतचे निकाल वाचून दाखवायला परदेशी गेले होते आणि येताना कौतुकाची पोती घेऊन येणार होते. तिने आकडेमोड करणाऱ्या सहकाऱ्याला गाठलं.

"रुग्ण घरच्यांना ओळखतो की नाही, हे आपण कुठे मोजलंय का?"

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "नाही. आपल्या चाचणीत तसा प्रश्नच नाही. का?"

तिने कपाळाला हात लावला. किटली मोजली होती. मांजर मोजलं होतं. शिडीला किती पायऱ्या, तेसुद्धा. तिने पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता घरी निघाली.

७

मावशींना तिने लवकर सोडलं. बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसले होते, पेपर वाचत. दुपारचं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. ती सरळ फडताळाशी गेली, बाटली काढली आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर धरून झाकण फिरवू लागली.

"बाई," बाबा म्हणाले. "ते ओतू नका."

तिचे हात थांबले.

"औषध आहे ना ते? मला माहीत आहे." त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "माझं काय झालं होतं तेही माहीत आहे मला. सगळं धुऊन गेलं होतं. ओतू नका. मी माझ्या मुलीला पुन्हा विसरेन."

"बाबा, मीच तुमची मुलगी." धाकटी त्यांच्याकडे वळली. "मी धाकटी. दुकानाच्या मागच्या खोलीत पेटीवर बसून मी अभ्यास करायचे. तुम्ही मला पहिला चष्मा केलात तेव्हा मला झाडाची पानं वेगवेगळी दिसली आणि मी रस्त्यातच बसून रडले. म्हणून मी झाडं शिकले, बाबा. तुम्ही सगळ्यांना हे सांगायचात."

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचे डोळेही भरले. तिला वाटलं, आता; आता होईल.

"हे सगळं तुम्हाला तिने सांगितलेलं दिसतंय," ते म्हणाले.

बाबांचा उजवा हात उठला आणि स्वतःच्या डाव्या खांद्याकडे गेला, मायेने कुणाच्या हातावर हात ठेवावा तसा. तो खांद्यावर टेकला नाही. बोटभर वरच, हवेत थांबला आणि तिथेच विसावला. त्या हाताखाली त्यांच्या सदऱ्याचं कापड दबलेलं होतं. धाकटी बघत असतानाच ते जरा सैल झालं आणि पुन्हा दबलं. कुणीतरी थोपटत होतं.

तिने वर पाहिलं नाही. मान वर केली असती तर काय दिसलं असतं, हे तिला नंतरही कधी ठरवता आलं नाही. तिला एवढंच समजलं, की बाबा कित्येक वर्षांत इतके निवांत दिसले नव्हते.

बाटली ओतली तर उद्या-परवा ते पुन्हा भाबडे होतील. नळ विसरतील, थोरल्याला विसरतील, भर दुपारी दुकान उघडायला निघतील. तिचा चष्मा पुसतील आणि तिला बाई म्हणतील. ओतली नाही तरी बाईच म्हणतील. धाकटीला राग आला, इतका की हातातली बाटली भिंतीवर फोडावीशी वाटली. तिने हे औषध केलं होतं. पानं सुकवली होती, कुटली होती, बोटं हिरवी करून घेतली होती. सगळ्या जगात हे एकच काम तिने मनापासून केलं होतं.

तिने चमचा घेतला, भरला आणि बाबांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड वेडंवाकडं करून गिळलं.

"तुमचे फार उपकार आहेत, बाई," ते म्हणाले. "तुम्हालाही वडील असतील."

"आहेत."

"मग जा आता घरी. वाट बघत असतील."

तिने चमचा धुतला, पालथा घालून ठेवला. रडू त्यांच्यासमोर यायला नको म्हणून ती खोलीतून बाहेर पॅसेजमध्ये आली, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत बाबा बोलू लागले होते. पानांची गोष्ट सांगत होते, रस्त्यात बसून रडलेल्या मुलीची. आवाज तिकडून येत होता, लांबच्या टोकाच्या खिडकीपाशी ठेवलेल्या त्यांच्या खुर्चीतून.

त्यांचं बोलणं चालूच होतं, तेवढ्यात धाकटीच्या कानाजवळ, दाराच्या आतल्या बाजूने, कुणीतरी हळूच कडी लावली.